खिचडीला साक्षी कोण

बोरमाळ, ता. बाभुळगाव
दि. २० जुलै २०२५

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ती. दादास,
धाकट्या रुखमाचा शि. सा. न. वि. वि. साष्टांग तेवढा कागदावरच धरून घेजो, गुडघे वाकून नाही राह्यले.

इकडे सगळं खुशाल होतं. परवापासून नाही, अन् त्याले कारण तू आहे. फोनच करणार होती, पण तुले ऐकू येत नाही अन् मले गप्प राहता येत नाही. पत्रात कसं, एकाले थांबाच लागते.

पोराले-सुनेले वणीच्या खाणीवरून सुट्टी भेटत नाही, म्हणून पायलचं बरंवाईट माह्याच डोक्यावर. पोरगी सातवीत गेली. शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोबाईलवर बटन दाबून मतदान, बोटाले शाई, सगळं खऱ्यासारखं. आपली पायल पोषण आहार मंत्री झाली. प्रफुल्ल म्हणून एक पोट्टा आहे, त्याले अकरा मतांनी पाडलं. आता दुपारची खिचडी कशी शिजते, चांगली आहे का नाही, हे तिनं पाहाचं. मी अख्ख्या गल्लीत गूळ वाटला.

मंग शपथेची प्रॅक्टिस लागली. १५ ऑगस्टले झेंड्यापुढं साऱ्या गावासमोर शपथ आहे. कागदावर पहिलंच वाक्य, मी ईश्वरसाक्ष शपथ घेते की. तर आपली बाई उभी राह्यली अन् हेडमास्तर धरमसिंग राठोड सरले म्हणाली, का सर, मी ईश्वर मानत नाही, मंग त्याले साक्ष ठेवलं तर शपथेचं पहिलंच वाक्य खोटं होईन. सरनं इचारलं, हे तुले कोणं शिकवलं. म्हणे कोणीच नाही, पण नेरचे आजोबा बी मानत नाहीत.

सर घरी आले. माणूस चांगला आहे, चहात साखर कमी असली तरी बोलत नाही. म्हणाले, बाई, एक वाक्य आहे, पोरीले म्हणायले लावा. मी तिले सांगतलं, रागावली, लाडू देला. लाडू खाल्ला अन् वाक्य नाही म्हटलं.

उन्हाळ्यात पंधरा दिवस पोरगी तुह्याकडे धाडली ती आंबे खायले. तू तिले काय खाऊ घातलं? आता तूच लिही अन् समजाव, का मनात जे असन ते असू दे, शाळेत सर म्हणतात ते म्हणाव.

राग आहे, पण माया रागाहून मोठी आहे, ती कमी करू नको.

तुही बहीण,
रुखमा


नेर
दि. २५ जुलै २०२५

॥ टपाल खाते प्रसन्न ॥

चि. रुखमास,
पंजाबरावचे अनेक आशीर्वाद. कुणाच्या वतीनं देतो ते विचारू नकोस, स्वतःच्या वतीनं देतो.

तुझं पत्र पाचव्या दिवशी मिळालं. मी सायकलवर टपाल वाटायचो तेव्हा तिसऱ्या दिवशी मिळालं असतं. मजकूर पाहता पाचवा दिवसही लवकरच झाला.

मी पोरीला काही शिकवलं नाही. एका दुपारी तिनं विचारलं, आजोबा तुम्ही देवळात काहून जात नाही. मी म्हणालो, मला पटत नाही. तिनं विचारलं, मग भीती वाटत नाही का. मी म्हणालो वाटते, कुत्र्यांची, मी अडतीस वर्षं टपाल वाटलं आहे. मग आम्ही आंबा खाल्ला. धर्म या विषयावर आमच्यात एवढंच बोलणं झालं. बाकीचं तिचं तिनं केलं आहे, आणि ते मला आवडलं, हे मी लपवत नाही.

आता कायद्याचं सांगतो, ते धरमसिंग सरांना वाचून दाखव. आपल्या घटनेत मंत्र्याच्या शपथेला दोन ओळी दिल्या आहेत. जो देव मानतो तो म्हणतो, ईश्वरसाक्ष शपथ घेतो. जो मानत नाही तो म्हणतो, गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. ज्याला जी पटेल ती. दिल्लीच्या मंत्र्याला जे चालतं ते खिचडीच्या मंत्र्याला न चालायला काय झालं? शिवाय सरकारी शाळा ही सगळ्यांची, मानणाऱ्यांची आणि न मानणाऱ्यांचीही. पोरगी आडमुठेपणा करत नाही, ती हक्काचं बोलते आहे.

मी तीन रजिस्टर पत्रं तयार केली आहेत. एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. तिसरं कुणाला ते अजून ठरलं नाही, पण पाकिटावर तिकिटं लावून झाली आहेत. तू म्हणशील तेव्हा टाकतो.

गुडघ्यांना एरंडाचं तेल लाव आणि भावावरचा लोभ सांध्यांसारखा आखडू देऊ नकोस.

तुझा,
पंजाबराव


बोरमाळ
दि. २ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
पायलचा शि. सा. न. वि. वि. माझे गुडघे चांगले आहेत म्हणून खरा नमस्कार.

आजीनं सांगितलं आहे की तिसरं पाकीट टाकू नका, आणि पहिली दोनही टाकू नका.

तुमची ओळ मी सरांना दाखवली. सर आधी चष्मा काढून आणि मग चष्मा लावून वाचत राहिले. मग म्हणाले, असेल, म्हणून पाहा. तिथं घोटाळा झाला. मी म्हणाले, मी गांभीर्यपूर्वक दूधकथन करते की. पूर्ण वर्ग हसला. दुसऱ्यांदा पण दूधच आलं. आता मला सगळे दूधमंत्री म्हणतात, आणि पहिलीतल्या एका मुलीनं मला विचारलं की दूध कधीपासून भेटणार.

मग संघदीप उभा राहिला. तो स्वच्छता मंत्री आहे. तो म्हणाला, आम्ही बौद्ध, आमच्या घरी पण ईश्वर मानत नाहीत, मी पण दूधकथन करीन. ग्रंथालय मंत्री फिजानं विचारलं की ईश्वरच्या जागी अल्लाह म्हटलं तर चालते का. मग क्रीडामंत्री राजदीप म्हणाला की त्याला बॅटची शपथ घ्यायची आहे, कारण तो बॅटशी कधीच खोटं बोलत नाही. मग सगळेच ओरडायला लागले. कोणी आईची म्हणे, कोणी गळ्याची. सर खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन सर म्हणाले, आता कोणाचंच नाही ऐकणार. सगळ्यांची एकच शपथ, ईश्वरसाक्ष, आणि ज्याला म्हणायची नसेल त्यानं पद सोडावं. संघदीपनं मान खाली घातली. माझ्या जागी प्रफुल्लला तयारी करायला सांगितलं आहे. तो लगेच करून पण राह्यला.

आजोबा, मला हे पद पाहिजे. गेल्या वर्षी खिचडीत महिनाभर भाजी नव्हती आणि कोणी बोललं नाही. मी प्रचारात सांगितलं होतं की मी बोलीन, म्हणून पोरींनी मला मत दिलं. आता पद सोडलं तर त्यांना फसवल्यासारखं होते, आणि नाही सोडलं तर शपथेत खोटं बोलल्यासारखं होते.

म्हणून एक विचारते. समजा त्या शब्दाला मी नुसतं तोंड हलवलं आणि आवाज काढला नाही, तर चालते का? फिजा म्हणते चालते. तुम्ही खरं सांगा.

माझी आठवण काढत राहा, आणि आजीला सांगू नका की मी रडले.

तुमची,
पायल


नेर
दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. पायलला, माननीय पोषण आहार मंत्री,
आजोबांचे अनेक आशीर्वाद, पदासकट आणि पदाशिवायही.

आधी दृढकथनाचं. मी आरशापुढं उभं राहून दहा वेळा म्हणून पाहिलं. सातव्या वेळी माझी कवळी बाहेर आली. तेव्हा शब्द अवघड आहे हे कबूल. 'दृ' वर जोर दे आणि 'ढ' ला घाई करू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं. हे मी तुझ्या आजीलासुद्धा सांगितलेलं नाही.

१९७४ साली मी टपाल खात्यात लागलो. बावीस वर्षांचा होतो. रुजू होताना शपथ घ्यावी लागते. हेडक्लार्कनं छापील कागद पुढं केला आणि वाच म्हणाला. त्यावर ईश्वरसाक्ष होतं. मी तेव्हाही मानत नव्हतो. पण घरी नोकरीची वाट पाहत होते, आणि मागे अजून चार जण उभे होते. मी वाचलं, मोठ्यानं. काही झालं नाही. आभाळ पडलं नाही, संध्याकाळी पेढे वाटले.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त तसाच कोरा कागद हातात आला. त्यावर दोन्ही ओळी छापलेल्या होत्या. तेव्हा आठवलं, माझ्या कागदावर दुसऱ्या ओळीवर कुणीतरी आधीच काट मारून ठेवली होती, सरळ पट्टीनं, आणि त्या काटेखाली काय आहे ते मी घाईत वाचलंच नव्हतं. मी म्हणालो ते चुकलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ती काट मला न विचारता मारली, याचा राग अजून गेला नाही.

तर तोंड हलवून आवाज न काढणं चालतं. कुणाला कळत नाही. तुला मात्र कळेल, आणि तू विसराळू नाहीस, ती पंचाईत आहे. तरीही तू ईश्वरसाक्ष म्हणायचं ठरवलंस तर मी रागावणार नाही. पोरांच्या ताटात भाजी येणं हे लहान काम नाही. माझ्या हट्टासाठी काही करू नकोस, आणि आजीच्या भीतीनंही नको. तुझं तू ठरव, आणि ठरवलं की रडू नकोस, त्यानं उच्चार आणखी बिघडतो.

पत्रोत्तर टाकायला विसरू नकोस, आम्हा टपालवाल्यांचा जीव त्यातच असतो.

तुझा आजोबा,
पंजाबराव


बोरमाळ
दि. १० ऑगस्ट २०२५

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ती. दादास,
रुखमाचा नमस्कार, या वक्ताले जरा ताठ मानेनं.

पोरगी दोन दिवस जेवली नाही. तुह्या पत्रात काय होतं ते तिनं दाखवलं नाही, पण वाचल्यावर जेवली अन् म्हणाली, आजी, मी पद सोडते. मले वाटलं होतं का तिनं असं म्हटलं का मले बरं वाटन. नाही वाटलं.

काल मी शाळेत गेली. मनात हेच होतं का सरले सांगाव, पोरगी ऐकत नाही, तुम्ही तुमचं पाहा, देला तिनं राजीनामा. तर व्हरांड्यात प्रॅक्टिस चालू होती. प्रफुल्ल उभा होता. तोंडात चिंच. खिडकीबाहेर पाहत, दोनाचा पाढा म्हणावा तसं एका दमात म्हणून राह्यला, मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खिचडीचा दाणा वाया जाऊ देणार नाही. सर म्हणाले पुन्हा. त्यानं चिंचोका थुकला अन् पुन्हा देवाले बोलावलं. मंग बाकीच्यांनी. कोणी मुत्रीत पाणी टाकासाठी देवाले बोलावते, कोणी कचराकुंडीसाठी. मी पायरीवर बसून मोजलं, अर्ध्या तासात देवाचं नाव बावीस खेप घेतलं, अन् एकाचंही तिकडं ध्यान नाही.

दादा, मी सरले सांगाले गेलती एक अन् तोंडातून निघालं दुसरंच. मी उठली अन् म्हटलं, “सर, तो देव माहा आहे. मी आजवर त्याले गुडघ्याचं सांगतलं नाही, का त्याले कामं असतीन. अन् तुम्ही त्याले रोज मुत्रीच्या पाण्याले साक्ष बोलावता. या शाळेत त्याले विचार करून बोलावणारी, नाहीतर सरळ नाही म्हणणारी एकच पोरगी आहे, अन् तुम्ही तिलेच काढून राह्यले.”

सरनं मले ऑफिसात नेलं, खुर्ची देली अन् म्हणाले, बाई, मले स्वतःले काहीच नाही. पण उद्या गावानं इचारलं का मास्तरनं शपथेतून देव काहून काढला, तर मी काय सांगू, माही रिटायरमेंट तीन वर्षांवर आहे. मी म्हटलं, देव काढाचा नाहीच, ज्याले पाहिजे त्याले राहू द्या. अन् गावानं इचारलं तर सांगा, रुखमाबाईची परवानगी आहे. गावात माह्याएवढे उपास कोणाचे नाहीत.

मंग मी म्हटलं, तो कागद तर दाखवा, कोणत्या सरकारनं धाडला. सरनं कपाट उघडलं. फाईलीत फाईल, खाली मूळ कागद. वाचला अन् सरचं तोंड उतरलं. वर लिहिलं होतं, दूध उत्पादक संस्था, नवीन संचालकांची शपथ. आधीच्या हेडमास्तरनं कुठून तरी उतरवून घेतला असन. खाली होतं, मी भागधारकांचे हित जपीन. सर म्हणाले, तरी मी इचार करत होतो का आठ वर्षांपासून पोट्टे भागधारक काहून म्हणून राह्यले. म्हणजे पायल दूध म्हणत होती ते तेवढं चुकीचं नव्हतं.

आम्ही दोघं इतके हसलो का शिपाई पाहाले आला. आता नवा कागद लिहिला आहे. दोन्ही ओळी आहेत, काट कशावरच नाही. हे तुले पत्रात लिही म्हणून पायलनंच सांगतलं, काहून ते मले समजलं नाही.

याचा अर्थ मी तुह्या बाजूनं झाली असा काढू नको. मी देवाच्या बाजूनं आहे. १५ ऑगस्टले सकाळच्या गाडीनं ये. पाकिटं घरी ठेवून ये.

बहिणीच्या बोलण्याचा राग मानू नको, मानला तरी येजो.

तुही,
रुखमा


नेर
दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. पायलला,
अनेक आशीर्वाद, आणि एक कबुलीजबाब.

परवा कार्यक्रम झाल्यावर तू धावत आलीस आणि विचारलंस, आजोबा, कसं झालं. मी म्हणालो, फस्क्लास. मग यवतमाळची गाडी लागली म्हणून मी घाईनं निघालो. बाळ, मला गाडीची घाई नव्हती. मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

मी पहिल्या ओळीत खुर्ची धरून बसलो होतो. भोंगा नेमका माझ्या कानाशी बांधला होता, तो शिट्टी मारायला लागला आणि मी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. तुझी पाळी आली. तुझं तोंड हलताना दिसलं. मग सगळे हसले. मग तू थांबलीस. मग पुन्हा तोंड हललं, धरमसिंग सर काहीतरी कुजबुजले, तुझं तोंड तिसऱ्यांदा हललं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आजी डोळे पुसत होती, पण ती लाऊडस्पीकरवरच्या सूचनांनाही रडते, त्यामुळं अंदाज लागेना.

मग मला तुझं ते पत्र आठवलं, नुसतं तोंड हलवलं तर चालते का. आणि बसमध्ये पूर्ण रस्ताभर माझ्या जिवाला घोर लागला. तू काहीही म्हणाली असलीस तरी मी तुझाच आहे. पण ‘फस्क्लास’ म्हणालो ते खोटं होतं, आणि तेही कुणालाही साक्ष न ठेवता. तुझ्याशी तरी तसं नको होतं.

काय म्हणालीस ते सविस्तर लिही. अक्षर मोठं काढ.

तुझा बहिरा आजोबा,
पंजाबराव


बोरमाळ
दि. २३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि. तुमच्यासाठी मोठ्या अक्षरात लिहीत आहे, म्हणून जास्त पानं लागली.

आवाज काढला, आजोबा. तो तुमच्यापर्यंत आला नाही त्याला मी काय करू.

माझ्या आधी फिजानं ईश्वरसाक्ष म्हटलं. तिच्या अब्बूंनी, कय्युमचाचांनी, तिला सांगितलं होतं की एकच आहे, सरले जे नाव सोपं जाते ते घे. संघदीपनं दृढकथन म्हटलं, एकदम बरोबर, कारण तो आठवडाभर गुरं चारताना म्हणत होता. राजदीपला ईश्वरसाक्ष म्हणायचं होतं, पण तो घाबरून खालची ओळ वाचून गेला. घरी गेल्यावर आईनं त्याला देवापुढं पुन्हा पूर्ण शपथ घ्यायला लावली, बॅट बाजूला ठेवून.

माझी पाळी आली. मी म्हणाले, मी गांभीर्यपूर्वक दूध. तेव्हाच सगळे हसले. मी पण हसणार होते, पण थांबले. मी कागद खाली केला आणि जे यायचं ते बोलले. मी म्हणाले, “मी पायल. मी खरं बोलीन. खिचडी चांगली असली तर चांगली म्हणीन, आणि नसली तर कोणीही रागावलं तरी नाही म्हणीन.” तेव्हा सर कुजबुजले की दृढकथन राहिलं. म्हणून तिसऱ्यांदा मी फक्त तो एकच शब्द म्हणाले. बरोबर आला. टाळ्या त्याच्या होत्या.

शपथ सोपी होती. सोमवारी पहिला दिवस होता. खिचडी कच्ची होती. शिजवणाऱ्या शीलाकाकू आपल्या शेजारी राहतात आणि मला लहानपणापासून बोरं देतात. मी दोन घास खाल्ले, की दुसरा तरी शिजलेला लागेल. नाही लागला. मी सरांना सांगितलं. सरांनी स्वतः खाऊन पाहिलं आणि पुन्हा शिजवायला लावली. सगळी शाळा अर्धा तास उपाशी बसली, आणि ज्या पोरींनी मला मत दिलं होतं त्याच माझ्यावर चिडल्या. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. काल बोलल्या. म्हणाल्या, गॅस अर्धवट पेटते हे मी कधीची सांगून राह्यली, तर तू मंत्री आहे ना, ते पण सांग. मी ते पण सांगितलं. सरांनी आजच नवीन बर्नर आणलं. प्रफुल्लला मी उपमंत्री केलं, कारण त्याला चव खरंच चांगली कळते.

एक गोष्ट आजीला सांगू नका, मी चोरून ऐकली आहे. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ती दिवा लावत होती. तिला वाटलं मी बाहेर आहे. ती देवाला म्हणत होती की पोरीनं तुले बोलावलं नाही, त्याचा राग मानू नको, तिचं काम चांगलं आहे. मग थोडी थांबली आणि म्हणाली, अन् तुले तसंही वेळ असला तर खिचडीकडे एखाद्या दिवशी पाहजो, पण तिले सांगू नको.

मी मानत नाही, आजोबा. पण मी बाहेर उभी राहिले, दिवा लागेपर्यंत.

नवीन मशीन घ्या, आणि पुढच्या वेळी ऐकू आलं नाही तर तिथंच सांगा.

तुमची,
पायल